बर्फ न पाहिलेली मुले आणि हिवाळ्याचे चित्रपुस्तक : पहिली ते तिसरीच्या वर्गासाठी चर्चा

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका) :

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. आमच्याकडे पहिली, दुसरी आणि तिसरीची मुले नलीकलीच्या एकाच वर्गात बसतात. महाराष्ट्रातील सदस्यांसाठी सांगते, की नलीकली ही कर्नाटकातील सरकारी शाळांमधील कृतिआधारित पद्धत आहे. तिच्यामुळे अजून अक्षरे जुळवणारे मूल आणि परिच्छेद सलग वाचणारे मूल एकाच सतरंजीवर असते. या सगळ्यांना एकाच वेळी एका गोष्टीत गुंतवायचे, तर चित्रपुस्तकासारखे दुसरे साधन मला सापडलेले नाही.

थंडीच्या दिवसांत मी एझ्रा जॅक कीट्स यांचे ‘द स्नोई डे’ हे अमेरिकी पुस्तक वर्गात काढते. ते १९६२ साली निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याला कॅल्डेकॉट पदक हा चित्रपुस्तकांसाठीचा मोठा अमेरिकी पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२० मध्ये आपल्या सव्वाशे वर्षांतील नोंदी तपासल्या, तेव्हा वाचकांनी सर्वाधिक वेळा घरी नेलेले पुस्तक हेच निघाले. पीटर नावाचा लहान मुलगा सकाळी उठतो, बाहेर सगळीकडे बर्फ पडलेला पाहतो, लाल रंगाचा अंगभर पोशाख घालून बाहेर पडतो आणि मनसोक्त खेळून घरी येतो, एवढीच त्याची गोष्ट आहे. पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे मी चित्रे दाखवत ती मराठीतून सांगते.

चर्चेचा हा धागा काढण्याचे कारण असे, की हे पुस्तक आपल्या भागात चालणार नाही, मुलांनी बर्फ पाहिलेलाच नाही, असे मला अनेकदा ऐकवले जाते. बर्फ पडताना आमच्या मुलांनी पाहिलेला नाही हे खरे आहे, परंतु बर्फ त्यांच्या ओळखीचा नाही हे खरे नाही. यात्रेत गोळेवाल्याच्या गाडीवर तो त्यांना भेटतो आणि एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर गारांच्या रूपाने अंगणात येतो. म्हणजे आमच्या मुलांच्या अनुभवात बर्फ ही ऐन उन्हाळ्यातली वस्तू आहे. त्यामुळे पीटर बाहेर पडतो ते पान उघडले, की “एवढा बर्फ पडलाय, म्हंजे उन्हाळा न्हवं? मग ह्यानं स्वेटर कशाला घातलाय?” असा प्रश्न हमखास येतो. हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. मूल स्वतःच्या अनुभवावरून तर्क करत आहे आणि तो तर्क चित्राशी जुळत नाही हे त्याच्या लक्षात आले आहे. वाचताना आपल्याला हेच तर हवे असते.

म्हणून माझे ठाम मत असे झाले आहे, की पुस्तक उघडण्यापूर्वी बर्फाचा पाठ घेऊ नये. नकाशा, तापमान, हिमालय ही माहिती आधीच दिली, तर मुलांना चित्रांत शोधण्यासारखे काही उरत नाही. मी फक्त एवढेच विचारते, की आज सकाळी शाळेत येताना काय काय दिसले. धुके, दवाने भिजलेले गवत, तोंडातून निघणारी वाफ, चुलीपुढे बसलेली आजी, असे सगळे बाहेर येते आणि मग आपण पुस्तक उघडतो. हा गाव आपल्यापेक्षा थंड आहे की गरम, हे कपड्यांवरून आणि बर्फाच्या ढिगांवरून मुलेच ठरवतात.

दोन जागांवर मी मुद्दाम थांबते. पीटर पाय ओढत चालतो तेव्हा बर्फात दोन रेघा उमटतात आणि थोड्या वेळाने त्यांच्यासोबत तिसरी रेघ दिसू लागते. ती कशाची, हे पान उलटण्याआधी मुलांनी सांगायचे असते. तिथे तिसरीतले वाचणारे मूल आणि पहिलीतले न वाचणारे मूल अगदी बरोबरीत येतात, कारण उत्तर चित्रात असते. दुसरी जागा खिशाची. पीटर उद्यासाठी म्हणून बर्फाचा एक गोळा खिशात ठेवतो आणि उबदार घरात जातो. रात्री झोपण्यापूर्वी खिशात हात घालतो, तर खिसा रिकामा. गोळ्याचे काय झाले, हे पुस्तक सांगत नाही. आमच्या वर्गात “पाणी झालं की वो बाई!” असा एकच गलका होतो, कारण गोळेवाल्याचा बर्फ मनगटावरून कोपरापर्यंत कसा ओघळतो हे प्रत्येकाने अनुभवलेले असते. लेखकाने न लिहिलेले वाक्य मुलांनी वाचले, हे त्या क्षणी स्पष्ट दिसते.

आता माझा प्रश्न. गोष्ट ऐकून, बोलून झाल्यावर मुलांना प्रत्यक्ष मराठी वाचनाकडे कसे न्यावे? आपापले अनुभव सविस्तर लिहावेत.

निपाणीकर :

ताई, आपला लेख मनापासून वाचला. तरीही माझा आक्षेप नोंदवतो. आमच्या भागात हिवाळा म्हणजे ऊसतोड, गुऱ्हाळ, तंबाखूची शेते, पहाटेची शेकोटी आणि भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी. यातले काहीही चित्रपुस्तकांत येत नाही. आपल्या मुलाने हाती घेतलेल्या प्रत्येक पुस्तकात दुसऱ्याच कुणाचे घर, दुसऱ्याच कुणाचे हवामान असेल, तर पुस्तकात येण्याच्या लायकीचे आपल्याकडे काही नाहीच, असे त्याच्या मनात बसते. सीमाभागातील मराठी मुलांच्या बाबतीत हे अधिक लागू आहे. इथले पाठ्यपुस्तक कर्नाटकाचे आणि गोष्टीची पुस्तके पुण्या-मुंबईकडची, त्यामुळे या मुलांचा गाव दोन्हीकडे क्वचितच सापडतो. त्यात आणखी न्यूयॉर्कची भर कशासाठी?

मलप्रभाकाठ :

निपाणीकर सर, आपला आक्षेप रास्त आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. बालसाहित्याच्या अमेरिकी अभ्यासक रूडाइन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडले होते, की मुलाला पुस्तकात कधी आरसा मिळाला पाहिजे, म्हणजे स्वतःचे जग दिसले पाहिजे, आणि कधी खिडकी, म्हणजे दुसऱ्याचे. आपले म्हणणे असे, की आमच्या मुलांच्या वाट्याला नुसत्या खिडक्याच आल्या आहेत. ते मी मान्य करते. पण याच पुस्तकाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यावी. पीटर हा कृष्णवर्णीय मुलगा आहे, आणि १९६२ च्या अमेरिकेत मोठ्या प्रकाशकाच्या रंगीत चित्रपुस्तकाचा नायक म्हणून असे मूल जवळजवळ दिसतच नव्हते. ज्यांचे घर पुस्तकात येत नव्हते, त्यांच्यासाठीच ते आरसा ठरले. आपल्या मुलांचा हिवाळा पुस्तकात आला पाहिजे, या मागणीला ते बळच देते. तो हिवाळा मुलांनी स्वतः पुस्तकात आणावा, यासाठी मी या पुस्तकाचा नमुना म्हणून उपयोग करते. एक मूल, एक थंड दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे केले ते, एवढा साधा आराखडा आमच्या दुसरीतल्या मुलालाही पेलतो.

निवृत्त सुभेदार (बेळगाव) :

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो. या रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि आपल्या परिसरातील कितीतरी घरांतून कुणी ना कुणी फौजेत आहे. त्यामुळे आपल्या मुलांचा बर्फाशी संबंध नाही असे म्हणता येणार नाही. तो त्यांच्या वडिलांच्या, काकांच्या, मामांच्या बोलण्यातून घरात आलेला असतो. सुट्टीवर आलेल्या जवानाला शाळेत अवश्य बोलवावे. एका शाळेत मी असाच गेलो होतो, तेव्हा मुलांनी विचारलेल्या प्रश्नांतून जे सांगता आले ते येथे लिहितो.

गार टणक असते आणि पत्र्यावर पडली की आवाज होतो. हिम अलगद उतरते, पडताना त्याचा आवाज येत नाही. ताज्या हिमात हवा भरलेली असते, म्हणून ते हलके असते आणि पाय घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत आत जातो. अति थंडीतले कोरडे हिम मुठीत दाबले तरी गोळा धरत नाही. त्यात थोडा ओलावा असावा लागतो. त्यामुळे पीटरच्या गावात त्या दिवशी गारठा होता, परंतु फार कडाक्याचा नसावा, असे मुलांना सांगितले तेव्हा त्यांना त्याचे मोठे कौतुक वाटले. ऊन पडल्यावर हिमावरून परतणारा उजेड डोळ्यांना सहन होत नाही, म्हणून आम्ही काळे चष्मे वापरतो. आणि पीटरची आई त्याचे ओले मोजे काढते, ते पान मी मुलांना दोनदा दाखवायला सांगितले. उंचावर नेमणूक असताना ओले मोजे तसेच ठेवले, तर पायाची बोटे बधिर होतात आणि पुढे गंभीर इजा होऊ शकते. आई किंवा उस्ताद (फौजेतला प्रशिक्षक), दोघेही आधी मोजे बदलायला लावतात.

एक सूचना आवर्जून करतो. सध्या नोकरीत असलेल्या जवानांकडून त्यांच्या ठाण्याची छायाचित्रे मागू नयेत आणि कुणी दाखवली तरी ती गटांवर फिरवू नयेत.

रंगपेटी (कलाशिक्षक, बेळगाव) :

सुभेदार साहेबांचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवण्यासारखा आहे.

मला चित्रांविषयी लिहायचे आहे, कारण या पुस्तकाची चित्रे केवळ रंगवलेली नाहीत. कीट्स यांनी निरनिराळे कागद आणि कापडाचे तुकडे कापून चिकटवले, खोडरबरावर हिमकणांचे आकार कोरून त्यांचे ठसे उमटवले आणि दातांच्या ब्रशने शाईचे शिंतोडे उडवले. ठसेकाम आणि तुषारकाम आपण कार्यानुभवाच्या तासाला वर्षानुवर्षे घेत आलो आहोत. मोठ्या पुरस्काराचे पुस्तक याच साधनांनी झाले आहे, हे मुलांना कळले की त्यांची बसण्याची पद्धतच बदलते.

खोडरबर कोरण्याचे काम लहान मुलांना देऊ नये. त्यांच्यासाठी भेंडीचा आडवा काप पुरेसा आहे. भेंडीचा ठसा साधारणपणे पाच पाकळ्यांचा उमटतो आणि हिमकण षट्कोनी असतो. हा फरक मुलांना स्वतः मोजून काढू द्यावा. तुषारकामासाठी जुना ब्रश, कंगवा आणि पांढरा रंग गडद निळ्या कागदावर वापरावा.

निपाणीकर सरांसाठी एक वेगळी कल्पना सुचवतो. आपल्याकडे बर्फ नसला तरी धुके भरपूर आहे. मुलांनी आधी आपल्या गावाचे चित्र काढावे. त्यात देऊळ, पाण्याची टाकी, उसाचा फड, बैलगाडी, जे दिसते ते यावे. मग त्या चित्रावर बटर पेपर एका बाजूने चिकटवावा. वरून पाहिले तर सगळे अंधूक दिसते. आत काय असेल ते वाचणाऱ्याने ओळखायचे आणि मग कागद उचलून पाहायचे. खाली एक ओळ लिहावी, “धुके गेले. फड दिसला.” ज्या मुलाने ते पान केले असते, ते आल्यागेल्या प्रत्येकाला थांबवून आपले पान वाचायला लावते.

चिक्कोडीचा शिक्षक :

मी मराठी शाळेत कन्नड शिकवतो. आमच्या मुलांना एकाच वयात दोन लिप्या शिकाव्या लागतात आणि त्याचा ताण मी रोज पाहतो. मराठीच्या बाईंनी जी गोष्ट सांगितली असेल, त्याच गोष्टीची चित्रे मी कन्नडच्या तासाला पुन्हा उघडतो. पुढे काय होणार हे मुलांना आधीच माहीत असल्यामुळे त्यांचे सगळे लक्ष नव्या भाषेकडे जाते आणि कन्नड वाक्याचा अर्थ ती चित्रावरूनच लावतात. उलट ज्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात, ती मराठीच्या तासाला गप्प बसणारी मुले या तासाला भराभर बोलतात.

ज्यांच्याकडे पुस्तके नाहीत, त्यांनी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचे ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ पाहावे. ते २०१५ पासून चालू आहे. त्यावर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतील चित्रकथा मुक्त परवान्याखाली मिळतात, त्या उतरवून छापता येतात आणि स्वतः अनुवादही करता येतात. छापील पुस्तकाच्या पानांच्या छायाप्रती वाटण्यापेक्षा हा मार्ग बरा.

आई, टिळकवाडी :

मी शिक्षिका नाही, तरी विचारते. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात दुसरीला आहे. घरी आम्ही मराठी बोलतो आणि ती मराठीही वाचायला शिकावी अशी माझी तळमळ आहे. एक मराठी चित्रपुस्तक तिला इतके पाठ झाले आहे, की ती शब्दांकडे न बघताच धडाधड ‘वाचते’. याला वाचन म्हणावे का? की ते पुस्तक काही दिवस बाजूला ठेवावे?

जुने गुरुजी (खानापूर) :

ताई, ते पुस्तक मुळीच बाजूला ठेवू नका. गोष्ट तोंडपाठ असणे ही वाचनाच्या वाटेवरचीच पायरी आहे. आता तुम्ही एवढेच करा, की ती म्हणत असताना तिचे बोट शब्दाखालून चालू द्या, एका शब्दाला एकदाच. कुठेतरी बोट पुढे जाईल आणि बोलणे मागे राहील, किंवा उलट होईल. तिथे ती स्वतःच अडखळेल आणि परत मागे येऊन शब्द पाहील. तेवढा वेळ आपण गप्प राहावे. पहिले खरे वाचन त्या अडखळण्यातच घडत असते. घाईने शब्द पुरवण्याची सवय आपल्या घरांतून आणि शाळांतूनही फार आहे.

मलप्रभाकाठ बाईंनी मराठी वाचनाकडे कसे न्यावे असे विचारले आहे. अक्षरओळखीच्या टप्प्यावरील मुलाला जोडाक्षरे जड जातात, हे आपण सर्व जाणतो. थंडीचे आपले शब्द मात्र बहुतेक सगळे जोडाक्षरांवाचून आहेत. दव, धुके, ऊन, ऊब, शाल, चादर, गारठा, शेकोटी, चूल, तीळ, गूळ, ऊस, भाकरी. एवढ्या शब्दांत पहिलीच्या मुलाला स्वतःच्या बळावर वाचता येईल असे अख्खे पुस्तक तयार होते. ‘बर्फ’ या शब्दात रफार आहे, तो शिकवायची वेळ येईपर्यंत हा शब्द मुलांना चित्रासारखा अख्खा ओळखू द्यावा, फोड करायला लावू नये. गोष्टीत तो इतक्या वेळा येतो, की मुले आपोआप ओळखू लागतात.

मी जाड कागदाच्या पट्ट्या करत असे. मुलांनीच सांगितलेली वाक्ये, त्यांच्याच शब्दांत, एका पट्टीवर एक. “आजी चुलीपुढे बसली.” “गवत ओले होते.” वाक्य ज्याचे, पट्टी त्याच्या हातात. मग वर्गाने ती दिवसाच्या क्रमाने जमिनीवर मांडायची. आपलेच वाक्य असल्यामुळे ते वाचता येत नाही असे मूल म्हणत नाही. मुलाने बोलीत सांगितले, तर पहिल्यांदा बोलीतच लिहावे. प्रमाण रूप दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी लिहून दोन्ही वाचावीत.

आणि कृपा करून गोष्ट संपल्यावर “यातून तुम्ही काय शिकलात?” हा प्रश्न विचारू नये. प्रश्नोत्तरे वहीत उतरवून घेऊ नयेत. पीटरचा खिसा रिकामा निघाल्यावर वर्गात जी क्षणभर शांतता होते, तिच्यावर गृहपाठ लादण्यासारखा अन्याय नाही.

निपाणीकर :

सर्वांचे प्रतिसाद दोन वेळा वाचले. आपल्या हिवाळ्याचे पुस्तक व्हावे, याबद्दल आता मतभेद उरलेला नाही. क्रमाबद्दल मात्र माझे मत कायम आहे. आधी मुलांचे स्वतःचे पुस्तक व्हावे आणि मगच बर्फाचे पुस्तक वर्गात यावे. आधी बर्फ दाखवला, तर मुले आपल्या चित्रांतही बर्फच काढतात. आमच्या शेजारच्या शाळेत मुलांनी हिवाळ्याचे चित्र म्हणून बर्फाचा माणूस आणि सूचिपर्णी झाडे काढली होती. त्या मुलांच्या खिडकीबाहेर ऊस उभा होता.

मलप्रभाकाठ :

सर, हा धोका खरा आहे. माझ्याकडे तो कमी जाणवतो, याचे कारण बहुधा सकाळचे बोलणे आधी होते आणि गुरुजींनी सांगितल्यासारखी काही वाक्ये फळ्यावर आधीच आलेली असतात. तरीही आपण सुचवलेला क्रम मी यंदा करून पाहीन. भाताची मळणी चालू असते तेव्हा मुलांचे पुस्तक सुरू करावे, भोगीपर्यंत ते पुरे व्हावे आणि संक्रांतीनंतर पीटरला वर्गात आणावे. मग खिशाच्या पानाला मुले काय म्हणतात ते येथे लिहीन. आपल्याकडे तंबाखूच्या शेतात थंडीत कोणकोणती कामे चालतात, ती मुलांच्या तोंडून लिहून येथे टाकलीत, तर आमच्या डोंगराकडच्या मुलांना तीच एक खिडकी होईल.

निपाणीकर :

जरूर टाकतो. रंगपेटी सर, बटर पेपर आमच्याकडे मोठ्या आकारात मिळत नाही. दुसरे काही चालेल का?

रंगपेटी :

पतंगाचा पांढरा कागद चालेल, मात्र त्याला गोंद अगदी थोडा आणि फक्त एका कडेला लावावा, नाहीतर तो आकसतो. मिठाईच्या दुकानात खोक्यांत अंथरतात तो कागदही उत्तम. लहान तुकडेच मिळाले, तर संपूर्ण चित्रावर एक कागद न लावता देवळावर एक, झाडावर एक, असे वेगवेगळे लावावेत. मुलांना ते एकेक करून उचलायला अधिक आवडते.